राजीनाम्याआधी घरात बसून करायचा हिशेब

नव्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, तेव्हापासून सोलापुरात एक प्रश्न सारखा कानावर येतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात, चिंचोळीत, युनिफॉर्म शिवणाऱ्या शेडमध्ये, सगळीकडे. "आता एक वर्ष काम केलं तरी ग्रॅच्युइटी मिळते म्हणे, मग सोडू का ही नोकरी?" मोबाईलवर फिरणाऱ्या एका निरोपाने ही समजूत पसरवली आहे. ती अर्धीच खरी आहे, आणि अर्ध्या माहितीवर टाकलेला राजीनामा घरादाराला महागात पडतो.

माझं काम पगारपत्रकांचं आणि पीएफच्या अर्जांचं. समोर बसलेला माणूस पैशांचं विचारायला येतो आणि बोलता बोलता आईच्या औषधांवर, मुलीच्या शाळेवर, बायकोच्या विड्या वळण्याच्या कामावर येतो. नोकरी एक जण बदलतो, पण जुळवून सगळ्या घराला घ्यावं लागतं. त्या जुळवाजुळवीचा खर्च पगाराच्या चिठ्ठीवर कुठेच छापलेला नसतो. तो कसा मोजायचा, ते इथे सांगते.

एका वर्षात ग्रॅच्युइटी नक्की कोणाला?

ग्रॅच्युइटी म्हणजे एकाच मालकाकडे टिकून काम केल्याबद्दल नोकरी सोडताना कायद्याने मिळणारी एकरकमी रक्कम. हिशेब सोपा आहे. शेवटच्या महिन्याच्या वेतनाला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं, आणि जितकी वर्षं काम केलं त्याने पुन्हा गुणायचं. वेतन 13,000 असेल तर एका वर्षाचे 7,500 रुपये होतात, पाच वर्षांचे 37,500.

एका वर्षाची सवलत फक्त मुदतीच्या कामगारांना आहे, म्हणजे ज्यांच्या नेमणूकपत्रावरच करार संपण्याची तारीख लिहिलेली असते त्यांना. कायम कामगाराला आजही सलग पाच वर्षं भरावीच लागतात. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तरी पाच वर्षं झाली असं धरावं, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे. पण तुमचा मालक तो आपणहून मानेलच असं नाही, आणि भांडत बसायला वेळ नि वकील दोन्ही लागतात. म्हणून साडेचार वर्षं झालेल्या माणसाला मी सरळ सांगते, नव्या मालकाकडून थोडी मुदत मागून घ्या. पाच-सहा महिन्यांसाठी पस्तीस-चाळीस हजार रुपये सोडून देऊ नका.

संहितांमधल्या दोन गोष्टी मात्र नोकरी बदलणाऱ्याच्या खरोखर फायद्याच्या आहेत. एक, 'वेतन' कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायची जुनी रीत होती. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. दुसरी गोष्ट, राजीनामा दिला तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवा. महिना-दोन महिने 'फुल अँड फायनल'ची वाट बघत उसनवारी करणाऱ्या घरांसाठी हे फार मोलाचं आहे. नियम लागू आहे हे मालकाला माहीत नसेल, तर तुम्ही सांगा.

एका नोकरीबरोबर आणखी काय काय बदलतं?

पुढचा भाग समजायला मागाचंच उदाहरण घेते. मागावरचं बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपलं की नवं बीम चढवतात. पण नुसतं चढवून माग चालत नाही. जुन्या ताण्यातल्या प्रत्येक धाग्याच्या टोकाला नव्या ताण्यातला धागा गाठ मारून जोडावा लागतो. काही धागे सुटले तर माग चालू होतो खरा, पण कापड खराब निघतं, आणि चूक कळते तोवर बरंच विणून झालेलं असतं. नोकरी बदलताना आपण पगाराचा धागा तेवढा जोडतो. दवाखाना, पेन्शन, शाळा, बायकोचं काम, म्हाताऱ्यांची देखभाल हे धागे सुटेच राहतात.

हे मोजायचा एक प्रयत्न अमेरिकेत फार पूर्वी झाला. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मनोविकारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 बदलांची यादी केली आणि प्रत्येकाला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू 100. लग्न 50, कारण आनंदाच्या बदलाशीही जुळवून घ्यावंच लागतं. वेगळ्या प्रकारच्या कामाला लागणं 36.

नुसते 36 पाहिले तर फार वाटत नाहीत. पण तीच यादी घेऊन सोलापूरहून चाकणला निघालेल्या घराची बेरीज करा. कामाचा प्रकार 36, पैशाची परिस्थिती बदलली 38, बायकोने काम सोडलं 26, राहणीमान बदललं 25, घर बदललं 20, शाळा बदलली 20, कामाच्या वेळा बदलल्या 20, झोपेच्या वेळा 16, घरच्यांचं एकत्र जमणं कमी झालं 15. एकूण 216. त्या दोघांच्या मांडणीत बेरीज 150 च्या पुढे गेली की दुखणं येण्याचा धोका वाढतो, आणि 300 च्या पुढे तो बराच जास्त. ही मोजपट्टी जुनी आहे, परक्या समाजात बनलेली आहे, आणि सगळ्यांना सारखाच ताण येतो असं मुळीच नाही. तरी बेरीज करायची ही सवय मला फार उपयोगाची वाटते. आपण 36 चा निर्णय घेतला असं समजत असतो, आणि घरावर 216 चा भार पडलेला असतो.

21,000 ची रेघ आणि आईचा दवाखाना

सोलापुरात हा धागा सगळ्यात जास्त वेळा सुटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि त्या बदल्यात कामगारासह बायको, मुलं, त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांना उपचार मिळतात. 20,000 च्या वेतनावर कामगाराचे कापले जातात फक्त 150 रुपये. एवढ्या पैशांत म्हाताऱ्या आईचं ऑपरेशन करून देणारा विमा बाजारात कुठेही मिळत नाही.

पण याला मर्यादा आहे. सध्या महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाराच यात बसतो. आता समजा टॉवेल कारखान्यातल्या एका सुपरवायझरचं वेतन 20,000 आहे. घरी साठीच्या पुढची आई, साखर आणि रक्तदाब दोन्ही, गोळ्या नि तपासण्या ईएसआयमधून. त्याला दुसऱ्या कारखान्यात 23,000 मिळाले. घरात पेढे वाटले. आधी भरलेल्या वर्गणीवर उपचार काही महिने पुढे चालतात, कारण सहा महिन्यांच्या वर्गणीचा लाभ पुढच्या ठरावीक सहा महिन्यांत मिळतो. त्यामुळे सुरुवातीला काही जाणवतच नाही. मग एक दिवस खिडकीवर कार्ड चालत नाही, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आईची अँजिओग्राफी सांगितलेली असते.

तीन हजारांची वाढ नाकारा, असं मी म्हणत नाही. नव्या ठिकाणी पहिला पगार हातात आल्याबरोबर त्यातले काही पैसे आरोग्य विम्याला लावा, आणि तेही जुना ईएसआय चालू आहे तोवरच. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते. हे घड्याळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. नवं वेतन 21,000 च्या आत असेल तर ईएसआय सुरूच राहतो, फक्त जुनाच विमा क्रमांक नव्या मालकाला द्या, दुसरा काढू देऊ नका. आणि भत्ते वगळून तुमचं नेमकं वेतन किती धरलं जाणार आहे हे होकार देण्याआधी लेखी विचारून घ्या. व्याख्या बदलल्यामुळे रेघेच्या अलीकडे की पलीकडे हे आता हातात येणाऱ्या पगारावरून कळत नाही.

बँकेत किंवा आयटी कंपनीत काम करणाऱ्यांचंही फार वेगळं नाही. कंपनीने काढलेला गट विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीकडे स्वतःच्या नावाच्या पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती मागावी लागते, आणि सोडण्याआधी मागावी लागते.

बायकोचं काम हिशेबात धरलं का?

सोलापुरात पूर्व भागातल्या कितीतरी घरांत नवऱ्याची नोकरी एमआयडीसीत आणि बायको विड्या वळते. विडी कारखान्याच्या ब्रँचवरून पान, तंबाखू, दोरा आणायचा. पान भिजवायचं, कात्रीने कापायचं, मांडीवरच्या सुपात विड्या वळत एकीकडे पोरांचा अभ्यास नि एकीकडे गॅसवरचं दूध सांभाळायचं. दुसऱ्या दिवशी माल नेऊन द्यायचा. या कामाला कोणी नोकरी म्हणत नाही, पण तिला मजुरी असते, तिचा पीएफ कापला जातो, आणि तिच्या नावावर घरही असू शकतं. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या विडी घरकुलात 10,000 घरं आहेत, तिथे भाडं भरायला लागत नाही.

नवऱ्याची बदली किंवा नवी नोकरी पुण्याकडे गेली की हे काम बरोबर येत नाही. चाकणमध्ये तिला पान-तंबाखू देणारी ब्रँच नाही. शेजारी तेलुगू बोलणारी गल्ली नाही. दुपारी तास-दोन तास पोरांकडे बघणारी जाऊ नाही. होम्स आणि राहे यांच्या यादीतले 26 गुण म्हणजे प्रत्यक्षात हे. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक पुरुषांनी नव्या पगाराचा हिशेब करताना बायकोची मजुरी वजाच केलेली नसते. ती मजुरी घरखर्चात मिसळून जाते, म्हणून दिसत नाही. पण गेली की दुसऱ्याच महिन्यात किराण्याच्या वहीत दिसते.

उलटही घडतं. विड्या सोडून एखादी गारमेंटमध्ये लागते. पगार ठरलेला, रविवारी सुट्टी, बसून पाठ मोडत नाही, तंबाखूचा खकाणा नाकात जात नाही. पण मग नऊ ते सहा ती घरात नसते. स्वयंपाक, पोरं, सासूची औषधं हे सगळं तिने पहाटे आणि रात्री उरकावं असं घराने न बोलता ठरवलं, तर बदल तिच्या एकटीच्या अंगावर पडतो. नोकरी तिची असो की त्याची, कोणतं काम कोणाकडे जाणार हे आधी मोठ्याने बोलून ठरवा.

पोरांची शाळा आणि नळाचं पाणी

शाळेबद्दल थोडक्यात. बदल जमेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत करा, वर्षाच्या मध्यावर नको. शाळा सोडल्याचा दाखला निघायला वेळ लागतो, त्यावरचं नाव-जन्मतारीख आधारशी जुळते का ते तिथेच उभं राहून तपासा. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. तेलुगू माध्यमात पाचवीपर्यंत शिकलेल्या मुलाला पुण्यात मराठी किंवा इंग्रजी माध्यमात टाकावं लागलं, तर पहिल्या वर्षी त्याचे गुण घसरणारच. त्याला बोल लावू नका, शिकवणीची तजवीज करा.

आता पाणी. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि कधी कधी रात्री-अपरात्री. त्या वेळी घरात कोणीतरी धडधाकट माणूस लागतं. मोटर लावायची, पिंप भरायचे, टाकी भरली की बंद करायची. मुलगा पुण्याला गेला आणि सून दुसऱ्या पाळीला लागली, की सत्तरीतल्या आजी बादल्या उचलतात. ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तर वर्षभराच्या पगारवाढीत तो खर्च भरून निघत नाही. म्हणून नव्या नोकरीच्या पाळ्या कशा असतील हे विचारणं मला पगाराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

"पण पगार तर वाढतोय ना?"

वाढतोय. तो वाढून घरात किती येतो ते बघू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

सोलापुरात हातात 18,500, चाकणला 27,000. वाढ 8,500. सगळं घर गेलं तर खोलीचं भाडं 8,000, उरले 500. बायकोची विड्यांची मजुरी 4,500 बंद, म्हणजे 4,000 ची तूट. आईची औषधं आता खिशातून, 1,500. तूट 5,500. पगार जवळजवळ दीडपट झाला आणि घर गरीब झालं.

एकटा गेला तर? मित्रांबरोबर खोलीत 3,000, मेस 3,500, येण्याजाण्याचे 1,200. म्हणजे 7,700 जाऊन घरी 800 जास्त येतात, आणि आईच्या औषधांचे 1,500 धरले तर तेही नाहीत. त्या 800 साठी तो आठवड्यातून एकदा संध्याकाळी पुण्याहून निघणारी हुतात्मा एक्सप्रेस पकडून रात्री उशिरा घरी पोचणार, पोरं झोपलेली असणार, आणि रविवार कपडे धुण्यात जाणार.

हा हिशेब करूनही जावंसं वाटलं तर अवश्य जावं, कारण पहिल्या वर्षाचा तोटा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भरून निघू शकतो. ज्या कारखान्यात नवं यंत्र शिकायला मिळतं, पीएफ पूर्ण वेतनावर कापतात, दरवर्षी वाढ देतात, तिथे जाण्यात शहाणपण आहे. फक्त तोटा किती महिने सोसायचा आणि तो कशातून भरायचा, हे नवराबायको दोघांनाही माहीत असायला हवं.

"आमच्या वडिलांनी एकाच मिलमध्ये आयुष्य काढलं"

हे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मला आदर आहे, पण त्यात शेवट राहून जातो. सोलापुरात 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी गिरणी 1877 सालची. तीही बंद पडली, आणि पुढे लक्ष्मी-विष्णूसारख्या मोठ्या मिलही. ज्यांनी नोकरी कधीच बदलली नाही त्यांच्यावर ती पन्नाशीत बदलायची वेळ आली. कोणी रिक्षा घेतली, कोणी वॉचमन झाला. एका जागी चिकटून राहणं म्हणजे सुरक्षित राहणं असं आपल्या शहराला तरी म्हणता येत नाही. तयारी करून बदललेली नोकरी, बळजबरीने बदलाव्या लागलेल्या नोकरीपेक्षा कधीही बरी. होम्स आणि राहे यांच्या यादीतही कामावरून काढलं जाण्याला 47 गुण आहेत.

पीएफ काढून घेऊ का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो, आणि माझं उत्तर सहसा नाही असंच असतं.

पीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी. तुमच्या वेतनातले 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही 15,000 च्या वेतनापर्यंतच, म्हणजे जास्तीत जास्त महिना 1,250. पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची सेवा लागते, मात्र ती एकाच मालकाकडे असायला हवी असं नाही. एका ठिकाणची सहा वर्षं आणि दुसऱ्या ठिकाणची चार मिळून दहा होतात. पण सहा वर्षांनंतर पेन्शनचे पैसे काढून घेतले की तुमची पाटी कोरी होते, आणि पुढे पुन्हा शून्यापासून दहा मोजावी लागतात.

शिवाय पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर आयकर लागू शकतो. नव्या खात्यात वर्ग केला तर लागत नाही, आणि मागची वर्षंही धरली जातात. पीएफबरोबरच एक विमा असतो, जो फार थोड्यांना माहीत आहे. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाला, तर वारसाला 7 लाखांपर्यंत मिळू शकतात. दोन नोकऱ्यांमध्ये लांब खंड पडू देऊ नका, याचं हे एक मोठं कारण.

"मी तर आधीच राजीनामा दिलाय"

तरी बरंच काही हातात आहे. पीएफच्या पोर्टलवर यूएएन, म्हणजे तुमचा आयुष्यभराचा एकच पीएफ क्रमांक, टाकून सेवेचा तपशील उघडा. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का बघा. अनेक छोटे मालक भरतच नाहीत, आणि मग पैसे वर्ग होत नाहीत. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख तुम्ही स्वतः भरू शकता.

मग नाव. आपल्याकडच्या तेलुगू आडनावांची इंग्रजी अक्षरं आधारवर एक आणि पीएफला दुसरीच, हे रोजचं दुखणं आहे. एका अक्षराचा फरकही अर्ज परत पाठवतो. जुना मालक ओळखीचा आहे आणि फोन उचलतो आहे, तोवरच दुरुस्ती करून घ्या. वारस म्हणून लग्नाआधी आईचं नाव लावलेलं असेल, तर नव्याने नोंद करा. नव्या मालकाला या वर्षातला जुना पगार आणि कापलेला कर सांगा, नाहीतर जुलैत विवरणपत्र भरताना एकदम कर निघतो. पतसंस्थेचं कर्ज जुन्या पगारातून कापलं जात असेल तर हप्त्याची नवी सोय लावा. तुम्ही गेलात की नोटीस जाते ती जामीन राहिलेल्या जुन्या सोबत्याच्या घरी.

आणि बायको विड्या सोडून बरोबर आली असेल, तर तिचं विडी कामगाराचं कार्ड, पीएफची पावती आणि यूएएन सोलापुरातल्या कपाटात ठेवून येऊ नका. ब्रँचवर तिची आठ वर्षं भरली असतील आणि तिने पेन्शनचे पैसे काढले नसतील, तर पुण्यात पॅकिंगचं किंवा शिवणाचं काम लागल्यावर तोच क्रमांक द्यायचा. मध्ये वर्ष-दोन वर्षं घरी बसली तरी चालतं, मागची आठ वर्षं मोडीत निघत नाहीत. अजून दोन भरली की तिचीही पेन्शन लागू होते.